खंडेलवालजींचा शेरा

मला राग लवकर येतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या गुरुवारी आला तो काही साधासुधा राग नव्हता.

आमचं ऑफिस जयपूरच्या मानसरोवर भागात आहे. परदेशातल्या ऑडिट, टॅक्स आणि कायद्याच्या फर्म्सना आम्ही इथून माणसं शोधून देतो. सात वर्षं मी हेच करतेय, त्यामुळे समोरचा खोटं बोलतोय हे मला फोनवरसुद्धा कळतं. निदान मी तसं म्हणते. यतीन, माझा मॅनेजर, म्हणतो, “प्रभाताई, तुम्हाला सगळेच खोटे वाटतात.”

हर्षाली मात्र अस्सल निघाली होती. मूळची लातूरची, लग्नानंतर जयपूरला आलेली सीए. अकरा वर्षं एकाच फर्ममध्ये, खंडेलवालजींच्या हाताखाली. डब्लिनच्या एका फर्मने तिच्या तीन मुलाखती घेतल्या आणि ऑफर दिली. अट एकच. सध्याच्या साहेबांचं मत चांगलं यायला हवं, नाहीतर ऑफर रद्द.

ते मत गुरुवारी सकाळी आमच्या ठरलेल्या फॉर्मवर आलं. पाचपैकी सगळीकडे दोन गुण. खाली शेरा: काम साधारण. संथ. सतत लक्ष ठेवावं लागतं.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली! हर्षालीला फोन लावला. वाटलं, तीही पेटून उठेल.

“ताई, सर बरोबरच म्हणत असतील,” ती म्हणाली. “मतलब, दरवर्षी मला हेच सांगतात. म्हणून तर पार्टनर केलं नाही.”

“अगं बाई, वेडी आहेस का तू?” मी ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या पोरी दचकल्या.

यतीन म्हणाला, “ताई, फॉर्म आहे तसा पाठवून द्या. दुसरा उमेदवार तयार आहे.”

फॉर्म लपवायचा नाही, त्यात काही बदलायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. मी पाठवला. पण सोबत डब्लिनला लिहिलं की साहेबांशी फोनवर बोलून खातरजमा करू, तुम्हीही लाईनवर या. तेवढा हक्क आम्हाला असतो. यतीनने कपाळाला हात लावला.

चार वाजता आम्ही तिघं फोनवर आलो. मी, डब्लिनच्या पार्टनर मॉरीनबाई आणि खंडेलवालजी. मॉरीनबाई ऐकताहेत, हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. परदेशातली बाई म्हटल्यावर साहेबांनी ठेवणीतलं इंग्रजी काढलं. मुलगी स्वभावाने चांगली, पण काम बेताचं. तिच्याच भल्यासाठी सांगतो, तिकडे तिला झेपायचं नाही.

तिच्याच भल्यासाठी म्हणे! जीभ नुसती शिवशिवत होती. पण गिळलं सगळं आणि जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं, “स्पष्ट बोललात, बरं झालं, सर. एकच छोटी गोष्ट. इतक्या साधारण बाईसाठी तुम्ही तीन महिन्यांच्या नोटिशीचा आग्रह धरणार नाही ना? येत्या सोमवारी मोकळी करता?”

“सोमवारी?”

“हो ना. तुमच्याही डोक्याचा ताप जाईल.”

“एक दिन भी नहीं!” साहेब इंग्रजी विसरले, मॉरीनबाईंनाही विसरले. पुढचं सगळं हिंदीत. “एक दिवससुद्धा आधी सोडणार नाही! सप्टेंबरची ऑडिटची मुदत तोंडावर आलीय. दोन-दोन हॉस्पिटलांचं ऑडिट कोण करणार? बगरूच्या कापड निर्यातवाल्यांच्या फायली तिच्याशिवाय कुणाला कळत नाहीत. ते लोक मला विचारतच नाहीत, थेट तिलाच फोन करतात! ती गेली तर माझं ऑफिस बंद पडेल, मॅडम!”

मी शब्दन् शब्द लिहून घेतला, मॉरीनबाईंना इंग्रजीत सांगितला आणि नम्रपणे विचारलं, “बरोबर सांगितलं ना, सर?”

आपण काय बोलून बसलो ते खंडेलवालजींच्या आत्ता लक्षात आलं. “म्हणजे... कामाला बरी आहे,” ते पुटपुटले.

मॉरीनबाई खळखळून हसल्या. “तीन महिने ना? आम्ही थांबू. ऑफर कायम.”

जिंकलो! मी टेबलावर अशी थाप मारली की हात झिणझिणला. यतीन, जो कधी खुर्ची सोडत नाही, तो टाळ्या वाजवत उभा राहिला.

लगेच हर्षालीला फोन केला आणि लिहून घेतलेलं सगळं वाचून दाखवलं.

“सर म्हणाले? माझ्याबद्दल?”

“तुझ्याबद्दल.”

“ताई, अकरा वर्षं मला वाटत होतं, आपल्याला काही येत नाही, ते दया करून ठेवताहेत.” मग म्हणाली, “परत वाचा ना.”

मी परत वाचलं. ऑफिस बंद पडेल, या वाक्याला ती हसायला लागली आणि मग थांबेचना. मलाही भरून आलं, का नाकारू?

“राजीनामा मेलवर पाठवणार नाही,” ती म्हणाली. “सकाळी त्यांच्या केबिनमध्ये जाते, समोरच्या खुर्चीवर बसते आणि हातात देते. अकरा वर्षांत त्या केबिनमध्ये मी एकदाही बसलेली नाही. ते बस म्हणालेच नाहीत कधी.”

शुक्रवारी सकाळी ती गेली. आणि कुणी बस म्हणायची वाट न बघता बसली.