मेहुणीचा खासगी नंबर

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने तिच्या फोनमध्ये माझा नंबर स्वतःच्या हाताने ब्लॉक केला. माझा गुन्हा एवढाच, की मी नवऱ्याचं घर सोडून बॅगा दुरुस्तीचं दुकान टाकलं. "तुझी ताई तुझे कान भरेल," म्हणे. एवढा वचक माझ्या गिऱ्हाइकांवर असता तर बरं झालं असतं.

मग मी फोन उलटापालटा करून नंबर लपवायची सोय शोधून काढली. तिच्याकडे नुसतं 'खासगी नंबर' असं दिसायचं. मी आधी बोलायचे नाही. हातातल्या बॅगेची चेन फोनजवळ नेऊन खर्रकन ओढायचे. ती लगेच ओळखायची.

"बोल गं, ते अंघोळीला गेलेत."

तेवढ्यात तिची दुखरी पाठ, माझं शिलाईचं मशीन, सगळं बोलून व्हायचं. नळ बंद झाला की फोनही बंद.

परवा चेन ओढली, तर पलीकडे तोच.

"कोण आहेस रे? रोज लपूनछपून फोन करतोस! हिंमत असेल तर बोल!"

मागून धाकटी म्हणाली, "अहो, राँग नंबर असेल."

"रोज? कोण आहे हा, ते सांग आधी!"

माझं बोट फोन कापायलाच निघालं होतं. कापला असता तर आमचं चोरटं बोलणं वाचलं असतं. पण त्याच्या डोक्यातला तो कुणी बाप्या कायमचा तिच्या गळ्यात पडला असता.

"मेहुणी बोलतेय," मी म्हटलं. "मोठी. बॅगावाली."

तो म्हणाला, "लाज नाही वाटत, चोरासारखा नंबर लपवायला?"

"वाटते ना. सख्ख्या बहिणीशी बोलायला लपावं लागलं, याचीच वाटते. आता नाही लपणार."

त्याने फोन आपटला. मी ती लपवाछपवी बंद केली आणि उघड्या नंबरावरून फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नाहीच.

"मावशी, माझी बॅग?" समोरचं गिऱ्हाईक ताटकळलं होतं.

"थांबा हो, भांडण चालू आहे."

तिच्या घरी जायला म्हणून शटर अर्धं ओढलं, तोच फोन वाजला. 'धाकटी.' कित्येक महिन्यांत हे नाव माझ्या फोनवर उमटलं नव्हतं.

"ताई, तुझा नंबर चालू केला मी. यापुढे तुझं नाव दिसू दे इथे."

"ते कुठायत?"

"समोरच. फुगून उभे आहेत."

"ठेव तो फोन!" मागून आवाज आला.

"नाही ठेवत." तिचा आवाज कापत होता, पण खाली आला नाही. "ताई, स्पीकरवर आहेस. मोठ्याने बोल."

इतके महिने कुजबुजून माझा आवाजच बसला होता. मी घसा खाकरला.

"पाठ कशी आहे गं तुझी?"

एवढ्या जोरात ओरडले, की समोरच्या दुकानातला न्हावी वस्तरा हातात धरून बाहेर आला.