धिरड्यांचा तवा

"अगं, तवा हाय का भंगारातलं डबडं? माझ्या आईनं मला दिला, म्या तुला दिला. चाळीस वर्सं धिरडी झाली याच्यावर, अन् तू दीड वर्सात त्याची ही दशा केली?"

लंकाबाईचा आवाज असा, की मागे द्राक्षबागेत फवारा मारणाऱ्या नवऱ्याला, सावळीरामालाही ऐकू जावा. लेक पंचमीला गंजलेला तवा घेऊन माहेरी आलेली, तिची पिशवी अजून ओट्यावरच, आणि हिचा तोंडाचा पट्टा सुरू झालेला. शेजारची फुलाबाई काय झालं म्हणून कुंपणाशी येऊन उभी राहिली, तेव्हा तर बाईला आणखीच चेव आला.

निकिता खाली मान घालून म्हणाली, "बाहेर ऱ्हायला आई, पावसात."

"ऱ्हायला म्हंजे? त्याला काय पाय फुटले व्हते?"

तवा बाहेर का राहिला, एवढं सोडून लंकाबाईने सगळं विचारलं. पोरगी वाळली होती, तेही तिने पाहिलं. पण हल्लीच्या पोरींना बारीक राहायची हौसच असते, असं म्हणून सोडून दिलं. आईचीही नजर कधी कधी अशी आंधळी होते.

सावळीरामाचं वेगळंच. लेक परत कधी पाठवता म्हणून जावयाचा फोन आला, तेव्हा तो सांगून बसला, "तवा तेवढा नीट करून देतो हर्षलराव. तवा झाला की दुसऱ्या दिवशी पोरगी तुमची." आणि सावळीरामाचा शब्द म्हणजे शब्द. टोमॅटोच्या जाळीचा, म्हणजे क्रेटचा, भाव एकदा तोंडातून गेला, की दुप्पट देणारा आला तरी तो फिरायचा नाही. बायकोलाही त्याचा हा गुण माहीत होता, आणि जाचही माहीत होता.

तर लंकाबाई तव्याच्या मागे लागली. विटेच्या तुकड्याने गंज खरवडला, चिंचेच्या पाण्याने घासला, धुऊन चुलीवर कोरडा ठणठणीत केला. मग तेलाचा हात फिरवायचा, धूर निघेस्तोवर तापवायचा, निवू द्यायचा, पुन्हा तेल. अर्धा कांदा काट्याला टोचून त्याने पाठपोट घासायचा. असं चार-पाच दिवस केलं, की तव्याचं बीड, ते ओतीव लोखंड, तेल पितं आणि काळंभोर होतं. हा तिचा हातखंडा. गावातल्या निम्म्या सुनांचे तवे तिने मुरवून दिलेले.

पण या तव्याने तिची अब्रू घेतली. आज काळा केला, की उद्या सकाळी त्यावर लाल बुरा. धिरडं टाकावं तर निम्मं तव्यालाच चिकटायचं. ते खरवडून निघालेले तुकडे निकिता चुलीपाशीच उभ्याने खाऊन टाकायची.

"श्रावणाची हवाच वल्ली हाय," फुलाबाई म्हणाली.

"हवा नाय गं, माझाच हात गेला आता," लंकाबाई म्हणाली, आणि खरंच तिला रडू आलं.

तीन आठवडे गेले. शेवटी फुलाबाईनेच तोड काढली, की तवा माझ्या चुलीवर मुरव, बघू तरी. तिथे पाच दिवसांत तवा असा झाला, की बुऱ्याचं नाव नाही. लंकाबाईने तो मिरवत घरी आणला आणि पहिलं धिरडं टाकलं. उलथनं लावायच्या आत ते सुटून आलं, अख्खं, जाळीदार. "झाला गं बाई तवा!" असं ओरडून तिने नवऱ्याला फोन लावायला सांगितलं. हर्षलच्या अंबडच्या कंपनीला सुट्टीच होती. तासाभरात पोचतो, म्हणाला.

मागे वळून पाहते तर निकिता भिंतीला टेकून बसलेली, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही.

जावई यायच्या वेळेला तवा पुन्हा तापत ठेवून लंकाबाई दुसऱ्या पिठात मीठ घालायला गेली, तर बरणी रिकामी. पंचमीला दोन किलो खडेमीठ भरलेलं. लोणचं नाही, पापड नाही. बरणी हातात घेऊन ती लेकीकडे बघत राहिली.

"तूच का गं? तव्याला मिठाचं पाणी लावत व्हतीस?"

निकिताने मान हलवली. "दुपारी तू बागंत गेली की."

"का पन?"

"तवा झाला की जायचं व्हतं ना." मग ती जमिनीकडे बघत सांगत गेली. तवा सासूने पहिल्याच आठवड्यात कोंबड्यांच्या पाण्याला बाहेर ठेवला. निकिताला चुलीपाशी येऊ देत नव्हती. सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर वाढायची, बऱ्याचदा उरायचंच नाही. "फोनवर काय सांगू आई? तू रोज एकच विचारायची, तव्यावर धिरडी करती का म्हनून."

आपण तीन आठवडे तव्याचा गंज बघत बसलो, आणि लेक समोर वाळत होती. लंकाबाईला स्वतःची लाज वाटली.

एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. सावळीराम बागेतून हात धुऊन आला, त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने निकिताची पिशवी आणून ओट्यावर ठेवली. लंकाबाईने त्याला आत बोलावून दोन वाक्यांत सांगितलं. तो थिजला, पण बोलला ते असं, "शब्द दिलाय मी. तवा झाला की पाठवतो म्हनून. आता मानसाला काय तोंड दाखवू?"

तापल्या बिडावर गार पाणी घालायचं नसतं, हे लंकाबाईला परकरात होती तेव्हापासून माहीत होतं. तिने पाण्याचा हंडा उचलला आणि चुलीवरच्या तव्यावर ओतला. तडकन आवाज झाला. तव्याचे दोन तुकडे विझल्या चुलीत पडले.

"आता हा तवा व्हायचा नाय," ती म्हणाली.

आवाज ऐकून हर्षल दारात आला. "जाऊ द्या मामी, तवाच तर व्हता. नवा नॉनस्टिक आणू."

"माझ्या लेकीला उपाशी ठेवली तुम्ही."

हर्षलने निकिताकडे पाहिलं, मग चपलांकडे. "आईचा सोभावच तसा हाय, मामी. मी तरी काय करू?"

हर्षलने साफ नाकारलं असतं, तर सावळीरामाने कदाचित ऐकलंही असतं. आता त्याने ओट्यावरची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "या तुम्ही, हर्षलराव," तो तिथूनच म्हणाला. दारी आलेल्या जावयाला जेवा असं कुणी म्हणालं नाही, असं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

हर्षल वळला. तेवढ्यात निकिता उठली, ते एकच अख्खं धिरडं ताटलीत घातलं, कडेला मिरचीचा ठेचा ठेवला आणि ताटली त्याच्या पुढे धरली.

"घाईनं निघाले असान," ती म्हणाली. "उपाशी नका जाऊ. लय वाईट वाटतं."

हर्षलने ताटली घेतली आणि तिथेच ओट्यावर बसला. घास काही त्याला मोडवेना. आत लंकाबाई तोंडात पदराचा बोळा घालून रडत होती.