पक्ष्यांच्या उंचीचा मनोरा

मनोरा मीच बांधणार, यात मला तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती उद्यानाच्या मोठ्या साहेबांना. त्यांना झाडांच्या वर डोकं काढणारा, लोखंडी, वेल्डिंगचा मनोरा हवा होता. मी म्हटलं, "साहेब, तिथून पक्ष्यांच्या नुसत्या पाठी दिसतील. आणि एवढे जिने चढणार कोण?"

मी टेकडीच्या उतारावरून थेट शेंड्यांपर्यंत जाणारी सपाट लाकडी वाट काढली. पाडलेल्या गोदामाच्या तुळया, सगळे जोड नट-बोल्टचे. उद्या नकोसा झाला तर उलगडून न्या, जमिनीला ओरखडा नाही. साहेब म्हणाले, "हा मनोरा की पोरांचा खेळ?" मी ऐकून घेतलं आणि नकाशा मंजूर करून घेऊनच उठले.

खरं तर हे सगळं माझ्या सासऱ्यांसाठी चाललं होतं. लग्न होऊन आले तेव्हा मला कावळा-चिमणीपलीकडे काही ओळखता येत नव्हतं. बाबांनी मला पक्षी शिकवले. पाय गेल्यापासून मात्र ते चाकांच्या खुर्चीत, गॅलरीत बसून आवाजावरून नावं सांगायचे. त्यांना परत एकदा पक्षी समोरासमोर दिसावा, एवढंच मला हवं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी त्यांना घेऊन गेले. साहेब आणि मिस्त्रीही पाहणीला आले होते. खुर्ची विनासायास टोकापर्यंत पोचली. मी ऐटीत विचारलं, "काय दिसतंय, बाबा?"

"छान आहे गं."

त्यांचं हे 'छान' मी ओळखते. माझी भाजी खारट झाली की असंच म्हणतात. मी खुर्चीशेजारी उकिडवी बसले. कठड्याची रुंद फळी बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर येत होती. सगळी मापं मी स्वतः घेतली होती, पण उभी राहून. स्वतःचाच असा राग आला की सांगायची सोय नाही.

"मिस्त्री, पाना द्या."

"मॅडम, उद्या पाहुणे येणार आहेत," साहेब म्हणाले.

"म्हणून तर आजच. वेल्डिंग असतं तर बसलो असतो कपाळाला हात लावून."

फळी निघाली आणि खाली पायांपाशी बसली. मोकळ्या जागेत मिस्त्री बारीक तारा ओवत होते, तेवढ्यात समोरच्या फांदीवर एक पिवळाधमक पक्षी उतरला. साहेबही गुपचूप आमच्याशेजारी उकिडवे बसले.

"कुठला हो हा?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

अर्ध्या शिळेवरून नाव सांगणारे बाबा नुसते पुढे झुकून बघत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं.

"थांबा हो जरा," बाबा म्हणाले. "नाव काय, सांगेन मागाहून. आधी बघू दे मला."