पुढच्या चाकातला साक्षीदार

मी दोघांनी मिळून चालवायच्या एका जोडसायकलीच्या पुढच्या चाकात बसलेला डायनामो. पुस्तकी भाषेत मला विद्युज्जनित्र म्हणतात. पण त्या शब्दातल्या 'जनित्र' या भागाने मी ओशाळतो. मी काहीही जन्माला घालत नाही. फिरणाऱ्या पायांतले थोडे बळ काढून घेतो आणि तेच वीज म्हणून परत करतो. देणारा म्हणून माझे कौतुक होते, तेव्हा माझ्यातला घेणारा मान खाली घालतो.

मला चाकात बसवणाऱ्या कारागिराने हे लपवले नव्हते. तारा आवळता आवळता तो म्हणाला, "ताई, हा फुकट काही देत नाही. चढावर वाटेल, कुणीतरी मागून धरून ठेवलंय."

"मागे हे बसणारच आहेत," बाई म्हणाल्या. "यांच्याहून जड थोडाच असणार तो!"

कारागीर हसला. शेजारी उभे असलेले गृहस्थ हसले नाहीत. त्यांना ऐकूच आले नव्हते.

गृहस्थांची उमेदीची वर्षे छापखान्यातल्या यंत्रांपाशी गेली आणि जाताना कान घेऊन गेली. आता ते श्रवणयंत्रे लावतात. ती एका डबीत ठेवली की त्यांत वीज भरते. डबीच रिकामी असली, तर दुसऱ्या दिवशी गृहस्थांचे जग बंद. बाई शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्या, आणि दोघांनी दूरदूर फिरायचे ठरवले. पुढची बैठक बाईंची, कारण मागून येणारा भोंगा ऐकणाऱ्यानेच हॅण्डल धरावे. त्या हॅण्डलवर एक बटण आहे: एकीकडे वळवले की वीज फोनला, दुसरीकडे वळवले की डबीला. दोन्हींना एकदम पुरेल इतकी माझी ऐपत नाही. फोन जुना आहे. माझ्याशी जोडलेली तार काढली की लगेच मान टाकतो.

या प्रवासात एका सपाट रस्त्यावर गृहस्थ मागून म्हणाले, "अगं, उद्या धाकट्या भावाच्या गावाचा फाटा लागेल ना?"

बाईंचे पाय अडखळले. एकाच साखळीला बांधलेले असल्यामुळे गृहस्थांचेही अडखळले.

"न सांगता गेलो तर दारात उभा करेल का गं? इतक्या दिवसांत एक फोन नाही त्याचा."

"चढ आहे पुढे," बाई म्हणाल्या. "बोलू नका, दम लागेल."

पुढे चढ नव्हता. त्यांनी बटण फोनकडे वळवले. डबी रिकामी राहिली आणि दुसऱ्या सकाळी गृहस्थ शांतपणे, काहीही न ऐकता, मागे पायडल मारत होते. तेव्हा बाई बोलू लागल्या. तोंड वाऱ्याकडे, ऐकणारा मी एकटा.

"एकदा भाऊजींकडे जेवायला गेलो होतो. तुम्ही भाजी वाढा म्हटलेलं ऐकलं नाहीत. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, दादाला सांगण्यापेक्षा भिंतीला सांगावं, भिंतीला निदान कान असतात. सगळे हसले. सगळे हसताहेत म्हणून तुम्हीही हसलात हो! तेच मला सोसलं नाही. मग त्यांचे फोन आले, कितीदा आले. मी भाऊजींना म्हटलं, ह्यांना बोलायचं नाही तुमच्याशी. तुम्ही विचारलंत, कुणाचा फोन? मी म्हटलं, राँग नंबर."

मागून गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "हवा छान आहे, नाही?"

बाईंनी मान हलवली. मला वाटले, चाकाच्या मधोमध असलेला माझा तुंबा तुटून पडावा. त्या घराचा कान बाई होत्या, आणि त्या कानाचे दार लावून घ्यायला वीज मी पुरवली होती. दिलेली वीज कशासाठी, हे विचारण्याची सोय माझ्या घडणीत नाही. पण सोय नाही म्हणून दोष जात नाही.

थोडे अंतर गेल्यावर बाईंनी बटण डबीकडे वळवले. मग दोघे दुपारपर्यंत थांबले नाहीत. फाट्याच्या अलीकडे, बंद पडलेल्या एका पेट्रोलपंपाच्या छपराखाली बाईंनी सायकल उभी केली, श्रवणयंत्रे स्वतःच्या हाताने गृहस्थांना दिली, आणि वाऱ्याला सांगितलेले सारे पुन्हा सांगितले. या वेळी शब्द थोडे होते, थांबणे फार.

"मी हसलो होतो?" गृहस्थांनी विचारले.

"हो."

"ऐकलं असतं, तरी हसलोच असतो. बरा होता विनोद." त्यांनी कानातले यंत्र नीट बसवले. "माझ्या वाटचा राग तू केलास. मला विचारायचं तरी होतंस."

बाईंनी डबीचे झाकण लावले.

"फोन लाव त्याला."

"बंद पडलाय. सगळी वीज डबीला गेली."

गृहस्थांनी बटण फिरवले. दोघे पुन्हा बसले, पेट्रोलपंपाला लागूनच्या मोकळ्या मैदानाला फेऱ्या मारत राहिले. अखेर फोन जागा झाला; पण पाय थांबताच विझण्याची सूचना देऊ लागला.

तेव्हा बाईंनी सायकल स्टँडवर चढवली. मागच्या सामानाच्या भाराने पुढचे चाक अधांतरी राहिले. त्या खाली बसल्या आणि हाताने मला फिरवू लागल्या.

गृहस्थ हॅण्डलवर अडकवलेल्या फोनवर वाकले आणि त्यांनी भावाचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला, "बोला वहिनी."

"वहिनी नाही. मी आहे."

"दादा? तुला... ऐकू येतंय?"

"येतंय. ओरडू नकोस."

"मला वाटलं, त्या दिवशीचं तुझ्या मनाला लागलं. वहिनी म्हणाल्या, तुला बोलायचंच नाही."

गृहस्थांनी खाली पाहिले. बाईंनी वर पाहिले नाही. हात मात्र चालू ठेवला. स्वतःवरचा आरोप ऐकू यावा म्हणून स्वतःच वीज पुरवणारी व्यक्ती मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

"नाही रे," गृहस्थ म्हणाले. "माझ्या कानांचा घोटाळा. भलतंच काही ऐकलं मी."

ज्या कानांची थट्टा बाईंना सोसली नव्हती, त्याच कानांच्या माथी त्यांचा अपराध गेला. त्यांनी ओठ दाबून धरले. हरकत घ्यायला त्यांना तोंड नव्हते, आणि थांबायला मुभाही नव्हती. थांबल्या असत्या तर फोन तुटला असता.

मी हे सांगत असताना दोघे भाऊ अजून बोलत आहेत. धाकटा फाट्यापर्यंत घ्यायला येतो म्हणतो आहे. बाईंचे मनगट भरून आले आहे, आणि मला हलके होता येत नाही; फिरवणाऱ्याला ओढून धरणे हा माझा धर्मच आहे. बाई, त्याबद्दल क्षमा असावी. एवढेच मागणे, की हात बदला, पण चाक थांबवू नका.