गोठ्यामागचा धूर

पाहणीसाठी आपला तांडा घ्यावा, हे विष्णुपंत सरांना रणजीतनेच सुचवले होते. आणि आदल्या आठवड्यात वसमतहून सेनगावमार्गे जीपने येऊन आईला बजावून गेला, तोही तोच.

"सर येतील त्या दिवशी विडी नको, याडी."

"काहून?"

"बरं दिसत नाही."

आईने, रुक्माबाईने, हातातली विडी भुईवर विझवली होती. त्या विझल्या विडीचा वास वसमतपर्यंत त्याच्यासोबत आला होता. तिथल्या महाविद्यालयात तो नुकताच सरांच्या हाताखाली लागला होता. त्यांच्या नजरेत आपण या धुरातून आलेले दिसू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

दोन हजार चारचा माघ. अंगणात तुरीच्या काड्या रचलेल्या. कोणत्या समाजात, कोणत्या वयाची किती माणसे धूम्रपान करतात आणि काळागणिक ते कसे बदलते, हे सर विचारत फिरत होते. ओसरीवर रुक्माबाईजवळ शेजारची मंजुळाबाई टेकली होती, विडी पेटवूनच.

"बाई, तुम्ही ओढता?"

"हातात काय उदबत्ती हाय का, सायेब?" मंजुळाबाई हसली. "सासूनं लावली. आता सुनेला देऊन राहिले तर नाक मुरडते. लिहा बराबर."

सरही हसले. मग रुक्माबाईकडे वळले. "आणि तुम्ही?"

तिने लेकाकडे पाहिले. क्षणभरच.

"न्हाई सायेब. आमी न्हाई वढत."

मंजुळाबाईचा हात ओठांपाशी थबकला. मैत्रिणीच्या कमरेशी खोचलेल्या बंडलाच्या फुगवट्यावरून तिची नजर सावकाश रणजीतपर्यंत आली.

"सोडली असल हिनं," ती म्हणाली. "पोरगं मास्तर झालं नव्हं!"

"पाहा रणजीत," सर प्रसन्न झाले, "घरात एक माणूस शिकला की स्त्रियांमधले प्रमाण कसे उतरते. हेच मला मांडायचे आहे." आणि त्याच समाधानात त्यांनी खिशातून सिगारेटचे पाकीट काढून त्याच्यापुढे धरले.

तांड्यात थोरांसमोर कुणी ओढत नसे. कॉलेजच्या दिवसांपासून रणजीत ओढत होता. याडीला वासावरून ते ठाऊक होते, आणि तिला ठाऊक आहे हे त्यालाही. तरी तिच्यादेखत कधी नाही. त्याचा हात हवेतच राहिला. सरांना नको म्हणवेना, घेववेना.

रुक्माबाई उठली. ओढणीवरची आरशांची भिंगे उन्हात एकदा चमकून विझली.

"गुरांकडं बघून येते," ती म्हणाली.

बैल विकून वर्षे लोटली होती.

रणजीतने सिगारेट घेतली. सरांनी ती पेटवूनही दिली.

निघायची वेळ झाली तेव्हा आईला बोलवायला तो घरामागे गेला. रिकाम्या गोठ्यात, कोरड्या गव्हाणीला पाठ टेकून ती विडी ओढत बसली होती. पावलांचा आवाज होताच ती दचकली. हात झटकन पाठीमागे गेला. विडी लपवायची ती रीत त्याला पाठ होती. थोर माणूस येताना दिसला की तांड्यातली तरणी पोरे अशीच लपवत.

तिच्या खांद्यामागून धुराची बारीक रेघ वर चढत राहिली. ती रेघ आपल्याला दिसतच नाही, अशी याडी जमिनीकडे पाहत होती.

"सायेब गेले का, बापू?"

"ओढ, याडी," एवढेच त्याला म्हणायचे होते. जवळ बसायचे होते. पण तोंडाला सिगारेटचा वास येत होता. तो उंबऱ्यापाशीच उभा राहिला, ओठ मिटून.