मित्रदेशासाठी शब्द टाकताना

परराष्ट्र खात्यात त्याला सगळे मध्यस्थ म्हणत. काम तसंच होतं. सरकारचा एक मित्रदेश होता. त्याच्याशी जगातले मोजकेच देश उघड संबंध ठेवून होते, आणि त्यातला एकही गळू नये म्हणून सरकारने एक टेबल, एक पंखा आणि हा एक मनुष्य नेमला होता. आत्या म्हणायची, "स्वतःचं लग्न जमेना, आणि निघालाय देशांची सोयरीक टिकवायला!" तो चिडायचा नाही. नकार देणाऱ्या स्थळांनीही 'मुलगा बोलतो बरा' एवढं मान्य केलं होतं, आणि खात्याला तेवढंच हवं होतं.

त्या दिवशी एका चिमुकल्या बेटाच्या परराष्ट्रमंत्री बाई आल्या होत्या. परत जाऊन त्या मित्रदेशाशी संबंध तोडणार, अशी कुणकुण होती.

"बाईंना थांबवा," साहेब म्हणाले, "नाहीतर उद्यापासून फर्निचर विभाग."

तिथे मोडक्या खुर्च्यांवर नंबर घालायचं काम असे.

मित्रदेशाचे प्रतिनिधी शेजारच्या चहाच्या खोलीत बसले होते. मैत्री होती ती आतून; सरकारच्या कागदोपत्री त्यांचा देश नव्हताच. जो देश नाही त्याला चहा देता येतो, खुर्ची देता येत नाही. म्हणून ते साखरेच्या डब्यावर बसत.

मध्यस्थाने सुरुवात झकास केली. मित्रदेश किती गुणी, किती शब्दाचा पक्का! वादळानंतर तुमच्या बेटावर दवाखाना कुणी बांधून दिला? बोलता बोलता त्याचेच डोळे भरून आले.

बाईंनी चष्मा पुसला. "मग तुम्ही का नाही ठेवत संबंध? तुमचा राजदूत आहे तिथे?"

"तसा... नाही."

"त्यांचा इथे?"

भिंतीपलीकडे बशी वाजली.

"आमच्या काही अडचणी आहेत, बाई."

"म्हणजे विहिरीत उडी आम्ही मारायची आणि तुम्ही काठावरून टाळ्या वाजवायच्या, होय?"

मध्यस्थाच्या डोळ्यांपुढे खुर्च्या आल्या. सगळ्या तीन पायांच्या.

"आमचंही ठरत आलंय," तो म्हणाला. "फक्त कुठे बोलू नका."

असलं काही ठरवायला मंत्रिमंडळ लागतं. याला घरी भाजी कोणती करायची तेही ठरवू देत नसत.

बाई उठल्या. "मग आधी मोठ्यांचं होऊ द्या. तोवर आम्ही काही तोडत नाही."

साहेब ऐकून आधी पांढरे पडले, मग विचारात पडले. "आपण जाहीर करेपर्यंत त्या तोडणार नाहीत?"

"नाही."

"आणि आपण तर कधीच जाहीर करणार नाही! म्हणजे पक्कं झालं की. तुमची बदली रद्द. फक्त चहाच्या खोलीत तेवढं सांगून या. त्यांनी ऐकलं असणार."

त्या क्षणी मध्यस्थाला फर्निचर विभाग माहेरासारखा वाटला.

प्रतिनिधी उभेच होते. कोटाची बटणं लावलेली, केस पाण्याने चापून बसवलेले, हातात फोन. त्यांनी मध्यस्थाचा चेहरा पाहिला.

"थाप होती ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"चांगली होती." ते हळूच खाली बसले. "मला सगळं ठाऊक असून मीसुद्धा फसलो. बायकोला फोन लावतच होतो. म्हणणार होतो, नवा कोट शिवायला टाक."

"टाकाच की," मध्यस्थ म्हणाला.

"कशाला?"

"ते मलाही माहीत नाही. पण टाका."