उल्हास संघाचा लंबगोल गडी

“ताई, या बॉलवर कोणी बसलं होतं का?”

डोंबिवलीच्या एका शाळेच्या मैदानात नववीतल्या शिवानीने हा प्रश्न विचारला, तेव्हा तिच्या मैत्रिणी मागे तोंडावर ओढणी दाबून हसत होत्या. विचारून दाखव, वडापाव आमच्याकडून, अशी पैज लागली होती.

मित्रांनो, तो बॉल म्हणजे मी. जुना आहे, झिजलेला आहे, पण माझ्यावर कोणीही बसलेलं नव्हतं. मी जन्मापासूनच असा आहे, दोन्ही टोकांना निमुळता आणि मधे गुबगुबीत. गोल बॉल टप्पा खाऊन कुठे जाणार हे कोणीही सांगेल. मी कुठे जाणार हे मलाही ठाऊक नसतं. याला म्हणतात व्यक्तिमत्त्व.

माझा जन्म जालंधरच्या कारखान्यातला. चार तुकडे शिवून आत फुगा घातला आणि हात घसरू नये म्हणून अंगभर बारीक दाणे दिले. तिथून मी थेट उल्हास संघात आलो. उल्हास म्हणजे आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्याचा रग्बी संघ, आणि तोही पगारी बरं का. खेळणं हीच तिथल्या खेळाडूंची नोकरी. मला पोटाशी धरून धावायचं, समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीवर टेकवायचं, की गुण. वाटेत हाताने पास द्यायचा तर तो पुढे द्यायचा नाही. म्हणजे पुढे जायचं असेल तर मागे कोण आहे ते माहीत पाहिजे. मला हा नियम फार आवडतो.

काय दिवस होते ते! पुण्याच्या संघाविरुद्ध शेवटच्या क्षणी एका किकवर मी दोन खांबांच्या मधून असा काही उडालो की प्रेक्षकांतल्या आजोबांनी टोपी भिरकावली. खंडेनवमीला लोक हत्यारांची पूजा करतात, आमच्या संघात माझी व्हायची. हळदकुंकू, झेंडूचं फूल, सगळा थाट.

मग दाणे झिजले. पावसात मी हातातून सटकू लागलो. नवे चकचकीत बॉल आले आणि मी पिशवीच्या तळाशी गेलो, ओल्या मोज्यांच्या शेजारी. त्या वासाबद्दल मी काही बोलत नाही. शाळांमध्ये खेळ दाखवायला जुना बॉल चालतो, असं कोणीतरी म्हणालं आणि म्हणून मी शिवानीसमोर आलो.

प्रश्न ऐकून उल्हासच्या महिला संघाची कर्णधार वैशालीताई रागावली नाही. मला शिवानीकडे फेकत ती म्हणाली, “बसलं असेल तर तू उठव. घे आणि पळ बघू.”

शिवानी शाळेच्या कबड्डी संघात चढाई करायची. मला पोटाशी घेऊन ती अशी खाली वाकली, अशी सुळकन निसटली, की अडवणाऱ्या दोघीजणी एकमेकींनाच धरून उभ्या. वैशालीताईने तिला बाजूला घेतलं. मुलींच्या ज्युनिअर संघात एकच जागा उरली होती. रविवारी टिटवाळ्याच्या मैदानावर निवड चाचणीला ये, म्हणाली.

शिवानीला ती जागा हवीच होती. दहावीत खेळ बंद, असं घरी ठरून गेलेलं. कबड्डीचे हे शेवटचे काही महिने, मग नुसता क्लास. पण संघात निवड झाली तर घरी बोलायला तोंड मिळणार होतं.

रविवार उजाडला. शिवानीने मला घेतलं, तिघींना हुलकावणी दिली आणि थेट शेवटच्या रेषेपलीकडे पोचली. मी टेकायला तयार. आणि मित्रांनो, ही मुलगी वळली आणि तोंडाने ‘कबड्डी कबड्डी’ करत मला घेऊन परत आपल्या बाजूला पळत सुटली! समोरच्या मुली आधी अवाक झाल्या, मग सगळ्या मिळून तिच्या अंगावर पडल्या. सोबत आलेली मैत्रीण स्वप्ना बाहेरून म्हणाली, “नावच शिवानी, शिवून परत येणारच.”

“परत कशाला आलीस?” वैशालीताईने विचारलं.

“शिवून परत यायचं ना? नाहीतर आऊट.”

“अगं बाई, ते कबड्डीत. इथे परत यायचंच नसतं. पोचलीस की तिथेच टेकव.”

शिवानीचे कान लाल झाले. आता एकच संधी होती. ती पुन्हा धावली. या वेळी मुली सावध होत्या. रेषा हातभर लांब असताना एकीने तिचा घोटा पकडला आणि ती आडवी झाली. मला वाटलं, संपलं. पण चढाईत पकडली गेलेली मुलगी काय करते? पडल्यापडल्या रेषेकडे हात लांबवते. शिवानीने तोच हात लांबवला, फक्त या वेळी त्या हातात मी होतो. मी रेषेवर टेकलो, आणि रेषेला टेकलं तरी आमच्यात चालतं. गुण. ज्या सवयीने घोटाळा केला, तिनेच जागा मिळवून दिली.

वैशालीताईने मला शिवानीकडेच घरी दिलं, सरावासाठी. शिवानीने मला ओल्या फडक्याने पुसलं, सायकलवाल्याकडे नेऊन हवा भरली. मित्रांनो, आमच्यासारख्यांना एवढंच लागतं. दाणे झिजले म्हणजे आतला फुगा फुटला असं नसतं. पिशवीच्या तळाशी कोण पडलंय ते अधूनमधून बघत जा, हवा भरत जा. माणसांनाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचे पप्पा वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपमधून आले. मम्मीने चहा ठेवला. हा बॉल साबणाने धुवायचा का, असं मम्मी विचारत होती. शिवानीने मला टेबलावर ठेवलं आणि दोघांच्या समोर उभी राहिली.

“मी विचारत नाहीये, सांगतेय. उल्हासच्या ज्युनिअर संघात माझी निवड झालीय आणि मी खेळणार आहे. दहावीतसुद्धा. मी क्लासच्या सरांशी बोलून सकाळची बॅच घेतलीय. संध्याकाळी मी मैदानावर असेन.”